बारावं वल्हं

जलक्रीडेच्या इतिहासातलं रोहणा गावाचं स्थान कोणालाही हिरावून घेता येणार नाही. जे कोणी दिलेलंच नाही ते हिरावणार कसं, हा भाग वेगळा. पण गावापासून चार किलोमीटरवरच्या सिंचन तलावाच्या काठावर ‘जलक्रीडा व साहसी पर्यटन केंद्र’ अशी पाटी लागली, तेव्हा उद्घाटनाच्या भाषणात हे वाक्य झालं होतं आणि त्याला टाळ्याही पडल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत तलावाखाली गहू करणारे शेतकरी जास्त होते. त्यांना कालव्याला पाणी कधी सोडणार एवढंच विचारायचं होतं.

केंद्रात बारा फळ्या आल्या आणि बारा वल्ही. फळीवर उभं राहायचं, लांब दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मागे ढकलायचं आणि पुढे जायचं. कागदोपत्री याला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतात. रोहण्यात याला फळीवर उभं राहणं म्हणतात. लाइफ जॅकेटंही बाराच आली. ती दहा वर्षांच्या मुलांच्या मापाची होती. दहा वर्षांच्या मुलांना केंद्रात प्रवेश नव्हता.

या सगळ्याची राखण करायला प्रभाकररावांना नेमलं. ते आर्वी डेपोतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, बायको जाऊन पाच वर्षं झालेली. आर्वीच्या घरात मुलगा भूपेंद्र, सून सपना आणि टीव्ही असे तिघं होते आणि तिघांनाही एकमेकांशी बोलायला वेळ पुरत नव्हता. म्हणून प्रभाकरराव केंद्राच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आले. एकतीस वर्षं चालत्या गाडीत काही न धरता उभं राहून तिकिटं फाडल्यामुळे पहिल्याच दिवशी फळीवर सरळ उभे राहिलेले ते एकटेच. उद्घाटनाचे पाहुणे दोनदा पडले होते. प्रभाकररावांना पोहता मात्र येत नव्हतं. नेमणुकीच्या अर्जात तसा रकाना नव्हता.

पहिलं वल्हं म्हशीवर तुटलं. तलावाशेजारच्या डोमाजीच्या म्हशी वर्षानुवर्षं त्याच पाण्यात बसत आलेल्या. त्यांना केंद्राची पाटी वाचता आली नाही. एका पर्यटकानं त्यांना वल्ह्यानं हाकललं. म्हैस जागची हलली नाही, वल्हं मानेत मोडलं. दुसरं पाण्याखालच्या बाभळीच्या खोडात अडकून तुटलं. तिसरं देवळीहून लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या नवरदेवानं तलवारीसारखं फिरवून मोडलं. पातं जिथे दांड्याला मिळतं तिथेच सगळी तुटत.

प्रभाकररावांनी वर पत्र लिहिलं. उत्तर आलं की बदली वल्ही देता येतील, मात्र वल्हं निष्काळजीपणे मोडलं नसल्याचा मोडणाऱ्याच्या सहीचा दाखला जोडावा. नवरदेव सापडला असता. म्हशीचा प्रश्न होता.

तेव्हा प्रभाकरराव तिन्ही वल्ह्यांचे सहा तुकडे काखेत मारून रोहण्यात अण्णाजींकडे गेले.

अण्णाजी वाढई, म्हणजे सुतार. रस्त्याच्या कडेला टिनाखाली त्यांचं दुकान. पन्नास वर्षं त्यांनी कुऱ्हाडीला, फावड्याला, टिकासाला दांडे बसवले. या धंद्याची एक रीत आहे. दांडा बसवला की काम संपत नाही. लाकूड आठ दिवसांत सुकतं, बसतं, थोडं ढिलं होतं, मग गिऱ्हाइकानं परत यायचं आणि पाचर ठोकून घ्यायची. पाचर ठोकायला लागतो एक मिनिट. चहा प्यायला लागतो अर्धा तास. अण्णाजींची सगळी मैत्री, सगळं राजकारण आणि दोन मुलींची लग्नं या अर्ध्या तासात जमलेली होती. दुसरी रीत अशी की वाढयाच्या दारी रिकाम्या हातानं यायचं नाही. बसायचं तर काहीतरी मोडकं घेऊन यायचं. नुसतं बसणाऱ्याला अण्णाजींचे वडील करवतीचं दुसरं टोक धरायला लावत.

आता लोखंडी नळीचे दांडे बाजारात वेल्डिंग करून तयार मिळतात, आणि त्यांना पाचर लागत नाही. निंदणाचं काम तणनाशकानं घेतलं. अण्णाजींकडे चार-चार दिवस कोणी फिरकत नसे.

घरीही कोणी नव्हतं. त्यांची बायको आनंदाबाई सुनेच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी पुण्याला गेली होती. तो नातू आता तिसरीत आहे. भांडण वगैरे काही नाही. दर रविवारी पियुष, म्हणजे मुलगा, व्हिडिओ कॉल लावून फोन आईच्या हातात देई. अण्णाजी इकडे मोबाइल रंध्याला टेकवून ठेवत. “जेवले का?” आनंदाबाई विचारत. “हो,” अण्णाजी म्हणत. मग दोघं एकमेकांच्या मागची भिंत पाहत बसत.

“हे काय होय?” प्रभाकररावांनी तुकडे समोर ठेवल्यावर अण्णाजींनी विचारलं.

“वल्हं.”

“मंग नाव कुठं हाय?”

“नाव नाई जी. फळी हाय. तिच्यावर उभं राहाचं.”

“काऊन?”

हा प्रश्न प्रभाकररावांनाही नेमणुकीच्या दिवसापासून पडलेला होता. “मज्या येते म्हणते लोकायले.”

अण्णाजींनी पातं उलटसुलट करून पाहिलं. दांडा आतून पोकळ निघाला, कसल्याशा काळ्या धाग्याचा, वजनाला काहीच नाही. “पेरूच्या फांदीत याच्याऊन जास्त जीव राह्यते,” ते म्हणाले. “ठेवून जा. आठ दिवसानं येजा.”

आठ दिवसांनी पहिलं वल्हं तयार होतं. अण्णाजींनी त्याला कुऱ्हाडीचा असतो तसा धावड्याच्या जड लाकडाचा दांडा घातला होता, मानेला लोखंडी कडं मारलं होतं आणि पाचर ठोकली होती. ते हत्तीनं मोडलं नसतं. प्रभाकररावांनी दोन्ही हातांनी उचलून नेलं.

तिसऱ्या दिवशी ते परत आले.

“अण्णाजी, तुमचं वल्हं बुडलं.”

“तुटलं?”

“तुटलं नाई. बुडलं. पाह्यण्याच्या हातून सुटलं न दगडावानी खाली गेलं.”

“पर तुटलं तर नाई ना?”

“अजी, वल्ह्यानं तरंगा लागते!”

“हे पहिले सांगाचं असते.”

पन्नास वर्षांत अण्णाजींच्या दांड्याला बुडाला म्हणून कोणी नाव ठेवलं नव्हतं. कुऱ्हाडीकडून तशी अपेक्षा कोणी करत नाही. चार दिवसांनी ते वल्हं मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात सापडलं. ते तुटलेलं नव्हतं, हे अण्णाजींनी प्रभाकररावांकडून तीनदा वदवून घेतलं.

मग ते बांबूकडे वळले. बांबू गुरांच्या टाक्यात टाकून पाहिला, तरंगला. पात्याच्या तुटक्या मानेत सागवानाचा खुंटा बसवला, खुंट्यावर बांबू चढवला, वरून पाचर दिली आणि सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. दिसायला ते पंचर काढलेल्या काठीसारखं होतं. पण हलकं होतं, तरंगत होतं आणि बाभळीच्या खोडाला भिडूनही मोडत नव्हतं.

मोडत होती ती आधीची. पर्यटक येत, एखादं वल्हं मोडत, प्रभाकरराव ते घेऊन येत. आठ दिवसांनी नेत. पुढच्या आठ दिवसांनी पाचरीसाठी आणत. तोपर्यंत आणखी एक मोडलेलं असे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हे असं चाललं. प्रभाकरराव दुपारी येत. अण्णाजी वाकसानं बांबूची गाठ तासत. दोघंही बोलताना त्या गाठीकडे पाहत. प्रभाकररावांनी आर्वी–देवळी गाडीत झालेली एक बाळंतपणाची हकीकत सांगितली. तीत घाट नव्हता पण त्यांनी घातला. अण्णाजींनी एका पाटलाच्या पलंगाचा पाय मुद्दाम बोटभर आखूड केल्याची गोष्ट सांगितली, जी त्यांनी आजवर आनंदाबाईलाही सांगितली नव्हती.

“मंग पाटलाले समजलं का नाई?”

“त्याले वाटलं, त्याचीच मान वाकडी हाय. डाक्टरकडं गेलता.”

प्रभाकरराव एवढे हसले की चहा नाकात गेला.

जानेवारीच्या शेवटी अण्णाजींच्या ध्यानात आलं की आपण घात करून घेतला आहे. त्यांनी बसवलेलं एकही वल्हं पुन्हा दुरुस्तीला आलं नव्हतं. अकरा झाली होती. बारावं प्रभाकरराव आज काखेत मारून आले होते.

“हे शेवटचं,” प्रभाकरराव म्हणाले. “आता सगळे तुमच्याच हातचे. निघालो मी चिंतेतून.”

“हो,” अण्णाजी म्हणाले. “निघाले तुम्ही.”

त्या आठवड्यात अण्णाजींनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. बाराव्या वल्ह्याच्या सागवानी खुंट्याला, सांधा झाकला जातो त्या ठिकाणी, बारीक करवतीनं सभोवार काप दिला. फार खोल नाही. महिनाभर चालावं, मग एखाद्या जोरात मोडावं, एवढा. खराब काम करायची सवय नसल्यानं त्यांना दोनदा खुंटा बदलावा लागला. पहिला काप फारच सफाईदार आला होता आणि तो मोडला नसता. चांगल्या वल्ह्याला दीड दिवस लागायचा, याला तीन लागले. सायकलची ट्यूबही संपली होती. म्हणून सांध्यावर आनंदाबाईंच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून गुंडाळला.

प्रभाकरराव ते घेऊन गेले. आठ दिवसांनी पाचरीला आले. तेव्हा अण्णाजींना खुंटा बदलून देता आला असता. त्यांनी पाचर ठोकली आणि चहा टाकला.

त्यानंतर प्रभाकरराव आले नाहीत.

फेब्रुवारी गेला. अण्णाजी आर्वीकडून येणारी प्रत्येक गाडी पाहायचे, मग ध्यानात यायचं की तलाव तिकडे नाही. दुकानाची तोंडची बाजू त्यांनी झाडून काढली. मग मागची झाडली. मग मधली, जिथे कचरा नव्हता. एका रविवारी आनंदाबाईंनी विचारलं, “काऊन जी, आवाज बसला का?” अण्णाजींनी घसा खाकरून पाहिला. तीन दिवसांत तो वापरला नव्हता, एवढंच.

मार्चमध्ये डोमाजी बाजाराला जाताना दुकानासमोर बिडी पेटवायला थांबला.

“प्रभाकरराव कसे हाय?” अण्णाजींनी विचारलं. विचारताना कानस हातात घेतली, म्हणजे सहज विचारल्यासारखं होईल.

“मजेत हाय. उन्हाचे लोकं तर येऊन नाई राह्यले. मंग थेच जाते फळीवर. रोज पाच वाजता. पार मधात जाते न उभे राह्यते.”

“मधात?”

“हो ना. हालत नाई, डुलत नाई. मले तर दुरून बगळाच वाटते.”

“वल्हं कोन्तं घेते?”

“थे लाल पट्टीवालं. दुसऱ्याले हात नाई लावत. सगळ्यात हलकं हाय म्हणते. अण्णाजीचा हात शेवटी शेवटी बसला म्हणते.”

अण्णाजींनी कानस खाली ठेवली. प्रभाकररावांना पोहता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. स्वतःलाही येत नाही, हे तर फारच ठाऊक होतं. चार वाजले होते. दुकान उघडं टाकून ते निघाले. पन्नास वर्षांत दुकान उघडं टाकून ते दोनदाच गेले होते. एकदा बाप गेल्यावर, एकदा आई.

चार किलोमीटर. पायात चपला, डोक्याला काही नाही. वाटेत एक मोटरसायकलवाला थांबला, “चालता का बाबाजी?” म्हणाला, पण तो उलट दिशेला चालला होता. अण्णाजी चालता चालता तो खुंटा आठवत होते. किती खोल कापला? दोन सूत? तीन? आजवर दुसऱ्याच्या कामात चूक दिसली की ते जाहीरपणे नाव घेऊन सांगत. आता नाव आपलंच होतं, आणि सांगायला समोर कोणी नव्हतं.

तलावाच्या पाळीवर चढले तेव्हा धाप लागली होती. तलाव त्यांनी ऑक्टोबरात पाहिला होता, काठोकाठ भरलेला. आता पाणी आत सरकलं होतं, पण चकाकत होतं आणि लांबवर पसरलेलं होतं. त्याच्या मधोमध एक फळी, फळीवर प्रभाकरराव. पांढरा शर्ट, टोपी, हातात लाल पट्टीचं वल्हं. आजूबाजूला माणूस नाही, म्हैस नाही. अकरा फळ्या काठावर पालथ्या पडलेल्या. प्रभाकरराव कुठे जात नव्हते, कुठून येत नव्हते. एखाद्या स्टॉपवर गाडी उभी असावी आणि कोणीच चढू नये, तसे उभे होते.

“प्रभाकरराव! जोर लावू नका!” अण्णाजी ओरडले.

प्रभाकररावांनी मान वळवली. महिन्याभरात त्यांना कोणी हाक मारली नव्हती. त्यांनी वल्हं उंच उचलून हलवलं.

“अण्णाजी! तुम्ही! आले का?”

“हळू! हळू या!”

“येतो, येतो! पाहा कसा येतो!”

आणि आलेल्या माणसाला आपलं कसब दाखवावं म्हणून प्रभाकररावांनी वल्हं खोल रोवलं आणि सगळ्या ताकदीनं ओढलं. काठावर कट्कन आवाज ऐकू आला. पातं पाण्यात राहिलं, दांडा हातात राहिला. एकतीस वर्षं ब्रेक लागल्यावरही न पडलेला माणूस टोपीसकट मागच्या मागे पडला आणि दिसेनासा झाला.

अण्णाजी पाळीवरून उतरले कसे, त्यांना आठवत नाही. एक चप्पल चिखलात राहिली. ते पाण्यात शिरले, दोन्ही हात वर करून, तोंडानं “अरे बाप्पा, अरे बाप्पा” करत. पोहता येत नाही म्हणून ते पळतच राहिले. पळता पळता फळीपाशी पोहोचले, आणि तेव्हा त्यांना उमगलं की आपण पळत पोहोचलो. त्यांनी खाली पाहिलं. पाणी गुडघ्याच्या खाली होतं.

प्रभाकरराव फळीच्या पलीकडे गाळात मांडी घालून बसले होते. पाणी त्यांच्या शर्टाच्या खिशापर्यंत होतं. ते टोपी पिळत होते.

“तुम्ही पाण्यात काऊन आले?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही बुडाले म्हणून.”

“इथं बुडाचं असन त झोपा लागते, अण्णाजी. कालव्याले पाणी सोडून महिना झाला.” मग त्यांनी हातातला दांडा पाहिला. लाल काठ सुटून लोंबत होता, आतला खुंटा दिसत होता. एकतीस वर्षं खोटी तिकिटं ओळखलेली नजर होती. “हे तुटलं नाई,” ते म्हणाले. “हे कापलं हाय.”

“हो.”

“कोनं?”

“म्यां.”

“काऊन?”

अण्णाजी पाण्यात उभे होते, हात अजून थोडे वरच होते. “तुटलं असतं त आणलं असतं तुम्ही दुरुस्तीले.”

प्रभाकररावांनी टोपी आणखी एकदा पिळली. तिच्यात आता पाणी नव्हतं.

“मी रोज म्हणो, जावं,” ते म्हणाले. “पर एकही तुटेना. मी आपटूनही पाह्यलं एक दगडावर. दगडाचा टवका गेला. मंग रिकाम्या हातानं कसं याचं वाढयाच्या घरी? म्हटलं, तुम्ही कामात असान.”

“कामात? महिनाभरात एक माणूस आला कुऱ्हाड घेऊन. रस्ता विचारत होता.”

पातं तरंगत चाललं होतं. ते धरायला कोणी गेलं नाही.

“मंग उद्या येतो मी,” प्रभाकरराव म्हणाले. “असाच येतो.”

“असेच या.”

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव आले. हातात काही नव्हतं. अण्णाजींनी खाट पुढे ओढली, चहा टाकला. दोघं समोरासमोर बसले. तेव्हा ध्यानात आलं की इतके महिने आपण एकमेकांकडे पाहून कधी बोललोच नव्हतो, नेहमी मध्ये एक बांबू असे. प्रभाकररावांना हात कुठे ठेवावेत कळेना. त्यांनी ते आधी गुडघ्यांवर ठेवले, मग खिशात.

“ऊन तापलं,” ते म्हणाले.

“तापलं,” अण्णाजी म्हणाले.

एक गाडी गेली. दोघांनी तिच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं. वीस मिनिटांनी प्रभाकरराव उठले. परत कधी या, हे अण्णाजींना सांगता येईना. आठ दिवसांनी म्हणावं, तर कशाचे आठ दिवस?

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते दहा मिनिटं बसले. ऊन तापलेलंच होतं. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. अण्णाजींनी एक चांगली फळी घेतली आणि तिला काहीही करायचं नसताना संध्याकाळपर्यंत रंधा मारला. फळी संपत आली.

चौथ्या दिवशी प्रभाकरराव भर दुपारी डोक्यावर खुर्ची घेऊन चार किलोमीटर चालत आले. केंद्रातली खुर्ची होती, ते स्वतः बसायचे ती. त्यांनी ती दुकानात उतरवली आणि घाम पुसला.

“हिचा पाय हालते,” ते म्हणाले.

अण्णाजींनी चष्मा लावला. खुर्ची उलटी करून मांडीवर घेतली. चारी पाय एकेक करून हलवले. बोटाच्या पेरानं ठोकून कान लावला. प्रभाकरराव खाली वाकून तिथेच पाहत होते, जिथे अण्णाजी पाहत होते.

“हालते,” अण्णाजी म्हणाले. “दिवस लागन याले.”

“लागू द्या ना. मले काही घाई नाई.” प्रभाकरराव खाटेवर टेकले. “अशीच एक सीट होती आमच्या गाडीत, अण्णाजी. चौऱ्याण्णवची गोष्ट सांगतो. देवळीहून निघालो, न मांगच्या सीटवर एक बुवा बसला, त्याच्या पोत्यात...”

अण्णाजींनी चहा टाकला.

खुर्ची प्लॅस्टिकची होती.